दोन पायऱ्या खाली, दोन पायऱ्या वर

कागदावर एक रेघ आहे. डावीकडून ती किंचित थरथरत येते आणि एकाएकी खाली कोसळते. जरा दम खाते, मग आणखी एक पायरी उतरते. तळाशी थोडा वेळ पडून राहते. पुढे एक पायरी चढते, थांबते, दुसरी चढते आणि पुन्हा पहिल्यासारखी थरथरत निघून जाते. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. 1 तास 47 मिनिटांनी तोच खेळ पुन्हा, ठरल्या वेळी.

दक्षिण आकाशातल्या झेड कॅमेलिऑन्टिस या ताऱ्याच्या तेजाचा हा आलेख. दुर्बिणीतून तो एकच ठिपका दिसतो, पण त्या ठिपक्यात दोघांचा संसार आहे. एक श्वेतबटू: आकाराने पृथ्वीएवढा, वजनाने जवळजवळ सूर्याच्या तोलाचा. दुसरा लाल, गार, हलका तारा. दोघे इतके जवळ, की लाल ताऱ्याचा वायू धार लागून श्वेतबटूकडे ओढला जातो. हा वायू सरळ खाली पडत नाही. श्वेतबटूभोवती गरगरत त्याची तबकडी बनते. नवी धार तबकडीच्या काठावर आदळते तिथे वायू तापून उजळतो, तो तप्तबिंदू. या जोडीची कक्षा आपल्याला कडेने दिसते, म्हणून दर फेरीला लाल तारा आडवा येतो. पहिली पायरी उतरते तेव्हा श्वेतबटू झाकला गेलेला असतो, दुसरी उतरते तेव्हा तप्तबिंदू. बाहेर येतानाही क्रम तोच.

अशा जोड्यांना बटू-नवतारे म्हणतात, कारण दर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्या अचानक भडकतात आणि काही दिवसांत विझून पूर्ववत होतात. पहिला बटू-नवतारा 1855 साली सापडला. या पायऱ्यांचा अर्थ लागायला मात्र त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे गेली. माणसे आळशी नव्हती. उलट या ताऱ्यांवर जितके डोळे लागून राहिले तितके फार थोड्या ताऱ्यांवर लागले असतील. पण सगळे सणाच्या दिवशी यायचे. पायऱ्या होत्या त्या रोजच्या, सुन्या दिवसांत.

ताऱ्याला ग्रहण लागू शकते ही कल्पना तशी जुनीच. ययाती तारकासमूहातली मायावती, म्हणजे अल्गोल, दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मंदावते, हे इंग्लंडमधल्या यॉर्कच्या जॉन गुडरिकने 1783 मध्ये जाहीर केले. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि त्याला ऐकू येत नव्हते. एखादा काळोखा गोल ताऱ्यापुढून जात असावा, किंवा ताऱ्यावर डाग असावेत, असे दोन पर्याय त्याने मांडले. 21व्या वर्षी तो गेला. त्याचा पहिला पर्याय खरा होता हे 1889 मध्ये जर्मनीच्या हेरमान फोगेल यांनी वर्णपटावरून दाखवले. म्हणजे किल्ली तयार होती. पण ती कुठल्या कुलपाला लागते हे कळायला आधी कुलूप दिसावे लागते.

ते कुलूप दिसले लंडनच्या रिजेंट्स पार्कमध्ये, जॉर्ज बिशप या धनिकाच्या खासगी वेधशाळेत. तिथले निरीक्षक जॉन रसेल हाइंड लघुग्रहांच्या मागावर होते. लघुग्रह सापडतात ते बहुधा क्रांतिवृत्ताच्या आसपास, म्हणून त्या पट्ट्यातल्या ताऱ्यांचे नकाशे बनवायचे आणि नकाशात नसलेला ठिपका दिसला की त्याचा पाठलाग करायचा, ही त्यांची रीत. तोवर दहा लघुग्रह त्यांच्या नावावर जमा होते. 15 डिसेंबर 1855 च्या रात्री मिथुन राशीत असाच एक उपरा ठिपका दिसला, सुमारे नवव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाची श्रेणी; आकडा जितका मोठा तितका तारा मंद). हा मात्र जागचा हलेना. काही दिवसांत तो विरत गेला. रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारे, तारे तोवर बहुतेक लालसर माहीत होते. याची झाक निळसर होती. मिथुनेत नाव मिळालेल्या रूपविकारी ताऱ्यांची अक्षरे ‘आर’पासून सुरू होत, त्या क्रमाने याला ‘यू’ मिळाले: यू जेमिनोरम.

नवतारा असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण तीनेक महिन्यांनी, मार्च 1856 मध्ये, ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत नॉर्मन पॉगसन यांना तो पुन्हा पेटलेला सापडला. त्याचे तेज काही सेकंदांतच हेलकावे खाते असेही त्यांना वाटले. नवतारा असा तीन महिन्यांत परत येत नाही. ही काही वेगळीच जात होती.

त्याच वर्षी पॉगसन यांनी खगोलशास्त्राला तेज मोजायची पक्की फूटपट्टी दिली. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभरपट फरक, म्हणून एका प्रतीला 2.512 पट. यू जेमिनोरम सुमारे 14व्या प्रतीपासून 9व्या प्रतीपर्यंत उसळी घेतो: पॉगसन यांच्या पट्टीवर पाच प्रती, अर्थात शंभरपट. पुढे 1861 मध्ये हेच पॉगसन मद्रासच्या सरकारी वेधशाळेत आले, तिथून लघुग्रह शोधले, त्यातल्या एकाला ‘एशिया’ नाव दिले आणि 1891 मध्ये अखेरपर्यंत तिथेच राहिले.

14वी प्रत हा आकडा इथे नीट लक्षात घ्यायला हवा. नवव्या प्रतीचा तारा छोट्या दुर्बिणीतून सहज दिसतो. चौदाव्या प्रतीच्या ताऱ्यासाठी मोठी दुर्बीण, काळीकुट्ट रात्र आणि सरावलेला डोळा लागतो, आणि एवढे करून दिसतो तो असून नसल्यासारखा. त्यामुळे निरीक्षणाची घडीच अशी बसली की रोज रात्री त्या जागी डोकवायचे, ‘अजून नाही’ अशी नोंद करायची, आणि भडकला की शेजारच्या ठरलेल्या ताऱ्यांशी ताडून प्रत लिहायची. रात्रीला एक नोंद. या ताऱ्याला दर सव्वाचार तासांनी ग्रहण लागते हे अशा वहीत कधीच उमटणार नव्हते.

वह्या मात्र भरत गेल्या. 1896 मध्ये हार्वर्डच्या छायाचित्रांच्या काचा तपासताना लुइझा वेल्स यांना हंस तारकासमूहात एसएस सिग्नी सापडला, या जातीचा सर्वांत तेजस्वी तारा. तेव्हापासूनचा त्याचा एकही भडका निसटलेला नाही. 1911 मध्ये विल्यम टायलर ऑल्कट यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या अमेरिकन निरीक्षकांची संघटना उभी केली आणि जगभरचे हौशी लोक तिला आपल्या नोंदी पाठवू लागले. त्यांत बंगालमधल्या जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र होते. दिवसा नाणी मोजायची, रात्री तारे. पदवी नव्हती, घरची दुर्बीण लहान; संघटनेने 1920च्या दशकात त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. सदतीस हजारांवर निरीक्षणे त्यांनी नोंदवली. फाळणीनंतर ते भारतात आले, आणि ती दुर्बीण पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंच्या हाती गेली.

या लोकांमुळे भडक्यांचे वेळापत्रक मिळाले. यू जेमिनोरम सरासरी शंभरेक दिवसांनी पेटतो, पण कधी लवकर, कधी फार उशिरा. एसएस सिग्नी पन्नासेक दिवसांनी. का पेटतो, ते वेळापत्रकातून निघत नव्हते. एसएस सिग्नीपुढे तर हात टेकावे लागले. सर्वांत तेजस्वी, सर्वांत जास्त पाहिलेला, पण त्याची कक्षा आपल्याला कडेने दिसत नाही. त्याला ग्रहणच लागत नाही.

कोंडी फुटली ती नव्या यंत्राने. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास प्रकाशगुणक नळी वेधशाळांत आली. ताऱ्याच्या उजेडाचे विजेत रूपांतर करून ती काही सेकंदांत आकडा देई. 1954 मध्ये मर्ल वॉकर यांनी ती शौरी तारकासमूहातल्या एका जुन्या नवताऱ्यावर रोखली. डिसेंबर 1934 मध्ये तो भडकला तेव्हा जगभर गाजला होता. वीस वर्षांनी त्याच्याकडे फारसे कुणी पाहत नव्हते. वॉकर यांना दिसले की विझलेल्या त्या ताऱ्याला दर 4 तास 39 मिनिटांनी ग्रहण लागते. नवतारा जोडतारा निघाला. 1956 मध्ये आल्फ्रेड जॉय यांनी वर्णपटावरून दाखवले की एसएस सिग्नीही जोडतारा आहे, फेरी साडेसहा तासांच्या थोडी वर. 1960च्या दशकात रॉबर्ट क्राफ्ट यांनी अशा ताऱ्यांची रांगच लावली आणि बहुतेक सगळे जोडीने निघाले.

मग यू जेमिनोरमची पाळी आली. पोलंडचे वोइचेख क्शेमिन्स्की यांनी भडक्याची वाट न पाहता, विझलेल्या अवस्थेत त्याला तासन्‌तास मोजले. 1965 मध्ये त्यांचा निबंध आला: 4 तास 15 मिनिटांच्या फेरीत एकदा ग्रहण. त्याआधी तेज हळूहळू फुगते, मग दरी, मग सपाट. हाइंड यांच्या त्या रात्रीला 110 वर्षे होत आली होती.

पण रेघ हाती आली म्हणजे तिचा अर्थ कळला असे नाही. क्शेमिन्स्की यांनी भडक्याच्या काळातही मोजमाप केले होते, आणि तेव्हा दरी उथळ होत जवळजवळ बुजत होती. त्यांचा तर्क सरळ होता. ग्रहणात झाकला जातो तो श्वेतबटू. भडकताना तोच शंभरपट तेजस्वी झाला असता तर दरी आणखी खोल व्हायला हवी होती. ती बुजते, म्हणजे भडकणारा दुसरा, लाल तारा. प्रत्येक पायरी बिनतोड, आणि शेवट चुकीचा.

चूक पहिल्याच वाक्यात होती. 1971 मध्ये दोन ठिकाणी, एकमेकांशी संबंध नसताना, ती दुरुस्त झाली: टेक्सासमध्ये ब्रायन वॉर्नर आणि एड नेदर यांनी वेगवान मोजणीतून, पोलंडमध्ये युझेफ स्माक यांनी गणितातून. यू जेमिनोरमची थरथर ग्रहणात थांबते, हे टेक्सासच्या आलेखात स्वच्छ दिसत होते. म्हणजे थरथरणारी वस्तू आणि झाकली जाणारी वस्तू एकच. ती श्वेतबटू असती तर दरी ठीक मधोमध आणि दोन्ही बाजूंनी सारखी असती. ग्रहणाआधीचा फुगवटाही समजला नसता. पण तबकडीच्या एका बाजूला, काठावर, एक तापलेला ठिपका मानला तर सगळे जुळते. ठिपका आपल्याकडे तोंड करतो तेव्हा फुगवटा, लाल ताऱ्याआड जातो तेव्हा दरी. यू जेमिनोरमची कक्षा किंचित कललेली आहे, त्यामुळे लाल ताऱ्याची कड तबकडीला नुसती घासून जाते. श्वेतबटू झाकलाच जात नाही. त्याच्या आलेखात एकच पायरी आहे. भडक्यात सगळी तबकडीच उजळून निघते, ठिपक्याचा वाटा नगण्य होतो आणि दरी बुजते. भर उन्हात अंगणातला दिवा विझवला तर कुणाला कळणार?

तबकडी भडकते हे ठरल्यावर प्रश्न आला: का? एक मत असे की लाल ताऱ्याकडून येणारी धारच मधूनमधून वाढते. दुसरे मत 1974 मध्ये जपानच्या योजी ओसाकी यांनी मांडले. धार कायम एकसारखीच, पण तबकडी माल पुढे सरकवत नाही, साठवते, आणि एका मर्यादेनंतर सगळा साठा एकदम श्वेतबटूवर ओतते. नळाची धार तीच असावी, मोरी तुंबत जावी आणि एका क्षणी भसकन मोकळी व्हावी, तसे. मोरी तुंबते कशाने, हे पुढच्या सात-आठ वर्षांत उलगडले. तबकडीतला हायड्रोजन गार असतो तेव्हा उष्णता सहज निसटत जाते, आतला घर्षणाचा जोर कमी असतो. साठा वाढून तापमान काही हजार अंशांवर गेले की हायड्रोजनचे अणू फुटू लागतात, उष्णता आत कोंडते, घर्षण वाढते आणि सगळा माल आत कोसळतो.

या दोन मतांचा निवाडा करायला ग्रहणच कामी आले. धार वाढून भडका उडत असेल तर कमी फिरकीचा नवा माल आल्याने तबकडी आधी आक्रसायला हवी. मोरी मोकळी होत असेल तर आत कोसळणाऱ्या मालाची फिरकी बाहेरच्या काठाकडे ढकलली जाऊन तबकडी फुगायला हवी. तबकडी कुणाला दिसणार? ती ठिपक्याहून ठिपका. पण तप्तबिंदू झाकला जाण्याची आणि सुटण्याची वेळ मोजली की काठ कुठे आहे ते निघते. यू जेमिनोरमच्या जुन्या-नव्या ग्रहणांच्या वेळा लावून 1984 मध्ये स्माक यांनी दाखवले की भडक्यानंतर तबकडी मोठी असते आणि पुढच्या भडक्यापर्यंत आकसत जाते. पारडे मोरीच्या बाजूला झुकले.

दरम्यान अधिक कडेने दिसणाऱ्या जोड्या सापडत गेल्या होत्या, ज्यांत श्वेतबटूही झाकला जातो: झेड कॅमेलिऑन्टिस, ओवाय कॅरिनी, आणि शर्मिष्ठेतला 106 मिनिटांचा एचटी कॅसिओपी. 1981 मध्ये जोसेफ पॅटरसन यांनी या शेवटच्याला बटू-नवताऱ्यांचा रोझेटा शिलालेख म्हटले. दोन पायऱ्यांची रेघ ती इथली. श्वेतबटू झाकायला मिनिटभरही लागत नाही. त्या सेकंदांवरून त्याचा आकार निघतो, आकारावरून वजन, आणि दोन पायऱ्यांमधल्या अंतरावरून दोघांच्या वजनाचे गुणोत्तर.

1985 मध्ये कीथ हॉर्न यांनी आणखी पुढची गोष्ट केली. दारातल्या रांगोळीवरून भिंतीची सावली सरकते आहे अशी कल्पना करा. रांगोळी तुम्हाला दिसत नाही. क्षणोक्षणी एकूण किती उजेड उरला एवढेच कळते. कुठला भाग कधी झाकला गेला हे ठाऊक असेल, तर त्या कमी होणाऱ्या उजेडावरून रांगोळी पुन्हा काढता येते. उत्तरे अनेक येतात, त्यांतले सर्वांत साधे, उगाच नक्षी न भरलेले घ्यायचे. हॉर्न यांनी लाल ताऱ्याच्या कडेची अशी सावली केली आणि तबकडीचा नकाशा काढला. भडक्यात झेड कॅमेलिऑन्टिसची तबकडी आत कडक तापलेली आणि बाहेर उतरत गार होत जाणारी निघाली, सतत वाहणाऱ्या तबकडीचे गणित सांगते तशीच. पण 1986 मध्ये सुन्या दिवसांतली तबकडी पाहिली तर तापमान आतबाहेर जवळपास सारखेच. म्हणजे माल वाहत नव्हता; साचत होता. तुंबलेल्या मोरीचा याहून थेट पुरावा मिळणे अवघड.

आज हे काम घराच्या गच्चीवरूनही होते. समजा, 25 सेंमीची दुर्बीण आणि तिला जोडलेला गार ठेवलेला कॅमेरा आहे, रोख शर्मिष्ठेतल्या एचटी कॅसिओपीवर. कॅमेरा एकामागून एक छायाचित्रे घेतो. प्रत्येकात त्या ताऱ्याचे तेज शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्याशी ताडायचे. विरळ ढग आला तरी दोघांवर सारखाच येतो. पद्धत राधागोविंद चंद्रांचीच, डोळ्याच्या जागी चिप. मग वेळ दुरुस्त करायची. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याच्या जवळ-लांब होते, म्हणून तोच उजेड कधी लवकर पोचतो, कधी उशिरा. सगळ्या वेळा सूर्यमालेच्या मध्यावर नेऊन मांडाव्या लागतात. क्रांतिवृत्ताजवळच्या ताऱ्याला हा फरक सर्वांत मोठा, जवळजवळ सव्वाआठ मिनिटांपर्यंत. यू जेमिनोरम त्यातलाच. क्रांतिवृत्तापाशी होता म्हणून तो हाइंड यांच्या जाळ्यात सापडला, आणि त्याच कारणाने त्याच्या ग्रहणाचे घड्याळ लावायला सर्वांत जास्त दुरुस्ती लागते.

आणि इथे जुनी अडचण पुन्हा समोर येते. शांत असताना एचटी कॅसिओपी सोळाव्या प्रतीच्याही खाली असतो. एकेका छायाचित्राला अर्धा मिनिट उजेड गोळा करावा लागतो, आणि श्वेतबटूची पायरी तेवढ्यातच उतरून जाते. भडकला की उजेड मुबलक, पाच सेकंदही पुरतात, पण तेव्हा तबकडीच्या झगमगाटात पायऱ्या पुसलेल्या असतात. उजेड असतो तेव्हा पायऱ्या नसतात, पायऱ्या असतात तेव्हा उजेड नसतो. मोठ्या आरशामागे वेगवान कॅमेरे लावण्याचे कारण हेच. 2002 पासून कॅनरी बेटांवरच्या 4.2 मीटर दुर्बिणीवर अल्ट्राकॅम नावाचा कॅमेरा तीन रंगांत एकाच वेळी अशी ग्रहणे टिपू लागला.

गच्चीवरची माणसे तरीही लागतातच. 2014 मध्ये गाया उपग्रहाने कालेय तारकासमूहात एक भडका टिपला. पॅटरसन यांनी उभ्या केलेल्या अंगणातल्या वेधशाळांच्या जाळ्यातल्या निरीक्षकांनी भडका ओसरल्यावरही त्याचा पिच्छा सोडला नाही, आणि ग्रहण त्यांना सापडले, दर पन्नासेक मिनिटांनी लागणारे. त्या जोडीत हायड्रोजन जवळपास संपलेला होता. वाहत होता तो हेलियम.

अल्ट्राकॅमने टिपलेल्या, अशा तबकडीवाल्या जोड्यांच्या कुळातल्या एका ताऱ्याची फेरी 82 मिनिटांची आहे. त्याच्या रेघेतही दोन पायऱ्या खाली, दोन पायऱ्या वर. त्यांच्यामधली अंतरे मोजून 2006 मध्ये झाकणाऱ्या साथीदाराचे वजन काढले गेले: सूर्याच्या सुमारे 5 टक्के. तारा म्हणून पेटत राहायला 8 टक्के तरी लागतात. अब्जावधी वर्षे धार देता देता तो तारा उरलाच नव्हता. त्याचा स्वतःचा उजेड त्या आलेखात हाती लागत नाही. तोललेली होती ती त्याची सावली. हाइंड यांच्या नजरेला तो कधीच पडला नसता, कारण सांगण्यासारखे काही घडत होते ते रेघेच्या तळाशी, जिथे काहीच दिसत नाही.